सपाट मशीनच्या बाजूने

नववीच्या दुसऱ्या सत्रात मला बोलता येतं असा शोध लागला. त्याआधी वर्गात हात वर करायचा म्हटलं की मी बाकाखाली पडलेलं पेन शोधायला लागायचे. मग वादविवाद स्पर्धेच्या आदल्या दिवशी एक मुलगी आजारी पडली, बाईंनी तिच्या जागी मला ढकललं आणि मी पहिली आले. ढाल एवढी मोठी मिळाली की दारातून आडवी करून आत आणावी लागली. तेव्हापासून मी कशाच्याही बाजूने आणि कशाच्याही विरुद्ध बोलायला तयार असायचे, फक्त विषय द्या. बाबा मला वकीलबाई म्हणायला लागले, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. मला ते इतकं आवडायचं की मी मुद्दाम रागावल्यासारखं करायचे.

आणि नेमकं तेव्हाच आमच्याकडे नवीन शिलाई मशीन घ्यायचं ठरलं.

आमचं घर मागे आणि कारखाना पुढे. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात फोमचे ठोकळे, रेक्झिनची भेंडोळी आणि कायम कोणाचा तरी उघडा पडलेला सोफा. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा यांना बाबा नवीन कातडं चढवतात. सांगाडा ठोकणं, फोम कापणं, कातडं बेतणं, ताणून पिना मारणं हे बाबांचं. शिवण सगळी आईची. जुनं मशीन मुळात कपड्यांचं, जरा दणकट एवढंच. चामड्याचे दोन थर घातले की खालचा पुढे पळायचा आणि वरचा मागे रेंगाळायचा. शिवण संपेपर्यंत एक टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. मग आई खाली कागदाची पट्टी घालायची, पावडर लावायची, जाड जागी चाक हाताने फिरवायची आणि मशीनला अशा काही शिव्या घालायची, ज्या आमच्या घरात मला देण्याची परवानगी नाही.

आणि हत्ते. खुर्चीला, सोफ्याला हात टेकायला असतात ते हत्ते. हत्त्याचं कव्हर म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळी, मोज्यासारखी. टोकाची गोल शिवण टेबलात बसवलेल्या सपाट मशीनवर घेता येत नाही, कारण नळीच्या आत टेबल कसं जाणार? म्हणून हत्ते आई जमिनीवर बसून, दोन गुडघ्यांत धरून शिवायची. आधी आरीने भोक पाडायचं, मग एकाच दोऱ्याच्या दोन सुया समोरासमोरून घालायच्या आणि करकचून ओढायचं. एका हत्त्याला पाऊण तास. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ आली होती आणि चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायची. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याला आराम द्या.

"काढून फळीवर ठेवते की," आई म्हणाली. डॉक्टर हसले. आई नाही हसली.

बाबांना एका दवाखान्याच्या साठ बाकांचं काम मिळालं आणि जुन्या मशीनवर ते होणं शक्यच नव्हतं. "वकीलबाई, तू शोध," बाबा म्हणाले. "तुला त्यातलं वाचता येतं. आम्ही आपले दुकानदार सांगेल ते ऐकणार."

आठ दिवस मी मशीनच खाल्लं आणि मशीनच प्यायले. वॉकिंग फूट म्हणजे काय, तर कापडावर नुसता दाबून बसणारा पाय नव्हे, कापडाबरोबर पावलं टाकणारा पाय. सुई, वरचा पाय आणि खालचे दात असे तिघं मिळून माल पुढे नेतात, त्यामुळे कुठला थर मागे राहत नाही. मोटर अशी, की पॅडल दाबलं तरच फिरते आणि वेगाला लगाम घालता येतो. पाय किती उचलला जातो, सुई किती जाड चालते, बॉबिनमध्ये दोरा किती मावतो, सगळं मला तोंडपाठ. शाळेत माझी मैत्रीण म्हणाली, तू आता मुलांबद्दल बोललीस तरी चालेल, पण बॉबिन नको.

एका संध्याकाळी मोरीत हात धुताना आई म्हणाली, "आर्म मशीनपण बघू या हं."

आर्म मशीन मला माहीत होतं. त्याचा खालचा भाग टेबलात गाडलेला नसतो, माणसाच्या दंडासारखा मोकळा पुढे आलेला असतो. त्यावर नळी चढवायची आणि गोल फिरवत शिवायची.

"तू कुठे पाहिलंस?"

"बॅगवाल्या बाईंकडे. दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान आहे ना, तिथे. मला दहा मिनिटं बसू दिलं त्यांनी." ती टॉवेलला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी. "एक हत्ता झाला तेवढ्यात. बाबांना सांगशील का? तुझं ऐकतात."

"बघू ना, सगळंच बघू," मी म्हणाले. मला तेव्हा वाटत होतं की निवड करणाऱ्याने आधीच कोणाची बाजू घ्यायची नसते.

म्हणून मी पुरावा गोळा केला. बाबा प्रत्येक कामाची चिठ्ठी लिहितात आणि काम झालं की भिंतीवरच्या तारेला टोचतात. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या मी उतरवल्या, धुळीने शिंकत शिंकत वाचल्या आणि दोन रकाने केले, सरळ शिवण आणि गोल शिवण. शंभरातली एक्क्याण्णव कामं सरळ, नऊ गोल. मी त्याचा तीन रंगांत वर्तुळालेख काढला. रंग दोनच लागत होते, तिसरा शोभेला.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं मशीनच्या दुकानात गेलो. आमच्या धंद्यात मशीन बघायला जाताना आपला माल बरोबर न्यायचा असतो. दुकानदाराच्या मऊ तुकड्यावर कुठलंही मशीन गोड गातं. बाबांनी चार थरांचा रेक्झिनचा तुकडा नेला होता. आईने पिशवीतून एक हत्ता काढला, बाकी सगळा शिवलेला, फक्त टोकाची शिवण बाकी.

सपाट मशीनने बाबांचे चार थर असे शिवले जसं काही लोणी. बाबांनी शिवण नखाने ओढून बघितली आणि मान डोलावली. मग आई आर्म मशीनवर बसली. चप्पल काढून तिने अनवाणी पाय पॅडलवर ठेवला. हत्ता दंडावर चढवला, टोक सुईखाली आणलं आणि दाबलं. हळू, मग जरा जोरात, मग वळणावर परत हळू. तिचे हात नुसते वाट दाखवत होते, ओढत नव्हते. शिवण जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळाली. तिने हत्ता काढला, उलटा केला, कोपऱ्यात अंगठा घालून टोक बाहेर काढलं आणि आमच्याकडे बघितलं. आईच्या चेहऱ्यावर तसलं काही मी आधी पाहिलं नव्हतं. मी पहिली आले होते तेव्हा माझा चेहरा बहुतेक तसा असावा.

"दोन मिनिटं," दुकानदार म्हणाला. "आधी चालवलंय का ताई?"

"दहा मिनिटं," आई म्हणाली.

"याला वरून टेबल जोडता येतं," तो बाबांना म्हणाला. "म्हणजे सरळ कामही होतं. सपाटपेक्षा थोडं हळू आणि थोडं महाग. पण होतं दोन्ही."

आणि मी फाईल उघडली.

मी छान बोलले. हे मला आजही नाकारता येत नाही. वेग, किंमत, सुटे भाग कुठे मिळतात, साठ बाकांची तारीख, सगळं क्रमाने मांडलं. "दोन्हीकडे चालणारं म्हणजे धड कशालाच नाही," मी म्हणाले, आणि दुकानदार हसला. "नऊ टक्के कामासाठी आपण एक्क्याण्णव टक्के काम हळू करायचं का?" इथे मी थांबले, बाईंनी शिकवल्यासारखी, आणि वर्तुळालेख पुढे धरला.

"आणि हत्त्यांचं?" आईने विचारलं.

"आई, शंभरात नऊ."

"नऊ?"

"सगळ्या चिठ्ठ्या मोजल्यात मी."

आईने तो कागद बघितला. मग बाबांकडे वळली. "तुम्ही बोला ना."

बाबा कागदाकडे बघत होते. वाचत नव्हते, नुसते बघत होते, ढालीकडे बघतात तसे. "पोरीने एवढा अभ्यास केलाय," ते म्हणाले. "आणि हत्ते तू हाताने इतके सुरेख करतेस, मशीनला कुठले जमायला?"

"बरं," आई म्हणाली. तिने हत्ता पिशवीत ठेवला आणि चप्पल घालायला वाकली. मला ते 'बरं' टाळ्यांसारखं वाटलं.

सपाट मशीन आलं. बाबांनी टेबल जमिनीला ठोकून पक्कं केलं. साठ बाकं अकरा दिवसांत झाली, आईनेच शिवली, आणि त्या अकरा दिवसांत ती चक्क गुणगुणायची. मशीन खरंच गुणी होतं. मी शाळेतून आले की विचारायचे, "काय म्हणतंय माझं मशीन?" आणि ती म्हणायची, "तुझ्यासारखं. थांबत नाही."

मग बाबांनी एका हॉटेलच्या चाळीस खुर्च्या घेतल्या. चाळीस खुर्च्या म्हणजे ऐंशी हत्ते.

सीट आणि पाठीची कव्हरं मशीन भराभर ओकत होतं. आधीचं जुनं मशीनच रडतखडत चालायचं, त्यामुळे आईचे हत्ते त्याला गाठायचे. आता गाठेनात. तिसऱ्या दिवशी बाबांनी मशीनवर एक शिलाई मास्तर आणून बसवला. "सरळ शिवण काय, कोणीही मारेल," ते आईला म्हणाले, "हत्ते तुझ्याशिवाय कोण करणार?" ही स्तुती होती. एवढी वर्षं शिवण आईची होती, आणि त्या दिवसापासून ती दिवसभर जमिनीवर बसायला लागली. शेजारी कव्हरांचा ढीग, मांडीत हत्ता, अंगठ्याला चिकटपट्टी. मास्तर वर बसून शिवायचा आणि दोरा संपला की म्हणायचा, "वहिनी, जरा ती रीळ द्या ना."

मास्तर माणूस वाईट नव्हता. एकदा मला म्हणाला, "ताई, मशीन घेतलं तर आर्म का नाही घेतलं?"

"हत्त्याचं काम आमच्याकडे शंभरात नऊच येतं."

तो शिवायचा थांबला. "मला इथे आठ दिवस झाले. बाकी कामं पण केली मधे मधे. बिनहत्त्याचं मी तरी काही पाहिलं नाही."

मी परत चिठ्ठ्या काढल्या. 'सोफा, तीन सीटर, तपकिरी.' 'सलूनच्या खुर्च्या, सहा.' 'आरामखुर्ची, कव्हर बदलणे.' सगळ्या मी सरळच्या रकान्यात टाकल्या होत्या, कारण चिठ्ठीत तेवढंच लिहिलं होतं. सलूनच्या सहा खुर्च्यांचे बारा हत्ते कुठेच नव्हते. आईने ते बारा हत्ते शिवले तेव्हा मी तिच्या शेजारी बसून गृहपाठ केला होता, हेसुद्धा मला आठवलं. माझे नऊ टक्के म्हणजे नुसते तेवढे लोक, जे फाटका हत्ताच दुरुस्तीला घेऊन आले होते. बेरीज बरोबर होती.

मी आईसमोर जाऊन बसले. "तू दुकानात का नाही बोललीस?"

"बोलले की. आणि हत्त्यांचं, असं विचारलं."

"ते बोलणं नव्हे गं आई. मुद्दा मांडायचा असतो."

"मला नाही मांडता येत." तिने दोन्ही सुया ओढल्या. ओढताना तिचा श्वास दातांतून यायचा, आता मला ऐकू येत होता. "तुला येतो. म्हणून तर तुला सांगितलं होतं मोरीत. वाटलं, माझ्या बाजूने मांडशील."

मी बाबांकडे गेले. चिठ्ठ्यांचा गठ्ठाच नेला. "बाबा, मी चुकीचं मोजलं. जवळजवळ प्रत्येक कामात हत्ते आहेत. ते चिठ्ठीत येतच नाहीत."

बाबा फोम कापत होते. "हो, मग?"

"मग मशीन बदलू या. अजून दुकानदार घेईल परत."

"आता? टेबल ठोकलंय, मास्तर ठेवलाय, हॉटेलवाला डोक्यावर बसलाय. चांगलं चाललंय मशीन."

"पण माझा हिशोब चुकला होता. तुम्ही माझ्या हिशोबावर घेतलंत ना?"

बाबा हसले. अगदी प्रेमाने हसले, तेच मला जास्त लागलं. "अगं वेडे, मी वीस वर्षं सोफे करतोय. सोफ्याला हत्ते असतात हे मला माहीत नसेल?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू इतकी छान बोलत होतीस." त्यांनी सुरी परत फोमला लावली. "आणि हत्ते काय, होतच होते."

त्या दिवशी मला वादविवादातली एक गोष्ट कळली, जी बाईंनी शिकवली नव्हती. परीक्षकाने निकाल आधीच ठरवलेला असेल, तर त्याला सगळ्यात उपयोगाचा असतो तो छान बोलणारा.

संध्याकाळी मी आईजवळ एक कोरा हत्ता घेऊन बसले. तिचे तिसावर झाले होते. "मला शिकव," मी म्हणाले. "उरलेल्यातले अर्धे मी करते. मला लवकर येईल, बघच तू."

"नाही."

"का? मी काय एवढी ढ आहे?"

"ढ नाहीस म्हणूनच." तिने आरी खाली ठेवली आणि उजवा पंजा डाव्या हाताने दाबत बसली. "मला हाताने येतं, म्हणून मशीन आलं नाही. उद्या तुला येईल, म्हणजे मग कधीच यायला नको. परवा मास्तर जाईल आणि तुझे बाबा म्हणतील, पोरगी हत्ते काय सुरेख करते."

"मी नाही ऐकणार त्यांचं."

"ऐकतेस," आई म्हणाली. रागाने नाही. बटण तुटलंय हं, असं सांगतात तशी.

तिने हातातला हत्ता पुरा केला नाही. सुया डबीत ठेवल्या, मेणाचा गोळा कागदात गुंडाळला, आरीला तेल लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून, पिशवी घेऊन ती कारखान्यातून बाहेर निघाली, तेव्हा मी दप्तर अडकवत होते.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"कामाला. बॅगवाल्या बाईंना आर्म मशीनवर माणूस हवं होतं."

"आणि हत्ते?"

"मशीनवर करा," आई म्हणाली आणि गेली.

बाबांना आधी गंमत वाटली. "येईल दुपारपर्यंत," ते मास्तरला म्हणाले. दुपारी ती आली, जेवली, परत गेली. मग बाबांनी स्वतः आरी घेतली. दोन दिवसांत त्यांनी तीन हत्ते केले आणि तिन्ही असे दिसत होते की जणू आत कोणीतरी अडकलंय आणि बाहेर पडायला बघतंय. मास्तर म्हणाला, हातशिवण आपलं काम नाही, मी मशीनचा माणूस. हॉटेलवाला रोज फोन करत होता. बाबांनी गावभर चौकशी केली, आर्म मशीन कोणाकडे आहे, कोण बाहेरचं काम घेतं. मला आधीच माहीत होतं उत्तर काय येणार ते.

चौथ्या दिवशी मी शाळेतून आल्यावर बाबांनी माझ्या हातात एक मोठं गाठोडं दिलं आणि वर चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हत्ते, एकोणपन्नास.' त्यांच्या अक्षरात तो शब्द असा स्वतंत्र लिहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. म्हटलं तर मी खूश व्हायला हवं होतं. बाहेरून करून घ्यायचं काम मात्र चिठ्ठीत येतं.

बॅगवाल्या बाईंचं दुकान लहान, पण उजेड चांगला. पट्टे खिळ्यांना टांगलेले, एका मुलीच्या हातात हातोडी, आणि खिडकीशी आर्म मशीन. त्यावर आई. एका दप्तराचं तोंड दंडावर चढवून फिरवत होती. अंगठ्याला चिकटपट्टी नव्हती.

मी गाठोडं घेऊन उभी राहिले. बॅगवाल्या बाईंनी माझ्याकडून चिठ्ठी घेऊन वाचली, मग आईकडे बघितलं आणि चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली.

आईने शिवण टोकापर्यंत नेली, दोरा कापला आणि मग चिठ्ठी वाचली. "ठेव तिथे, कोपऱ्यात."

"बाबांना उद्या हवेत."

"बाई, दप्तरं किती राहिली?"

"चाळीस," बॅगवाल्या बाई म्हणाल्या.

"मग परवा," आई मला म्हणाली. "परवा दुपारनंतर ये."

"आई, हॉटेलवाला रोज ओरडतोय. बाबांना तोंड नाही दाखवता येत. निदान दहा तरी आज दे."

"आधी आलेलं काम आधी होतं इथे." तिने पुढचं दप्तर उचललं. "आणि कोपऱ्यात म्हणजे कोपऱ्यात. येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नकोस, बाईंना चालत नाही."

मी गाठोडं उचलून कोपऱ्यात सरकवलं. हातोडीवाली मुलगी माझ्याकडे बघून जरा हसली, ओळखीचं हसणं नाही, गिऱ्हाइकाकडे बघून हसतात तसलं.

रात्री जेवताना बाबा आधी मिठाबद्दल बोलले, मग गरमीबद्दल. मग ताटात बघत म्हणाले, "ते हत्ते जरा लवकर झाले तर."

"दुकानात येऊन विचारा," आई म्हणाली. "घरी मी कामाचं बोलत नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोल, असं म्हणायचं होतं त्यांना, मला बरोबर कळलं. मी पाण्याचा तांब्या भरायला उठले आणि तो भरल्यावरही बराच वेळ आतच थांबले.